तेलावर तीन महिने, फिल्टरवर तीन मिनिटं

मी माती तपासते. धाराशिवच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागून सोळा-सतरा वर्षं झाली. शेतकरी पिशवीत अर्धा किलो माती घेऊन येतात. आम्ही ती वाळवतो, चाळतो, तपासतो आणि रानात काय कमी आहे, काय जास्त आहे ते कागदावर लिहून देतो. पण बहुतेकांना कागद नकोच असतो. त्यांना खताच्या गोणीवरचे आकडे हवे असतात. "म्याडम, दहा-सव्वीस-सव्वीस टाकू का?" एवढं विचारून त्यांना दुकान गाठायचं असतं. मी दर वेळी सांगते, आधी माती बघा, मग गोणी बघा. हे सांगताना माझ्या आवाजात जरा ऐट येते, असं माझा नवरा म्हणतो. तो लोहाऱ्यात शिक्षक आहे, त्यामुळं आवाजातली ऐट त्याला लगेच ओळखू येते.

त्याच ऐटीत मी एकदा एका माणसाला चारचौघांत चोर ठरवलं. त्याची ही हकीकत आहे.

बेचाळिसाव्या वर्षी मी एक जुनी गाडी घेतली. पुण्यातल्या एका डॉक्टरांनी वापरलेली, गर्द निळी, पेट्रोलवर चालणारी, टर्बो इंजिनाची. बाहेरून बघितली तर चार दारांची साधी गाडी. पण तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की माणूस सीटमध्ये रुततो. लोहाऱ्यात ती दारात उभी राहिली तेव्हा शेजारच्या काकूंनी डिकी उघडायला लावली, आत डोकावलं आणि विचारलं, "ह्यात पोती किती बसतील?" नवरा म्हणाला, "अगं, ही जायला घेतलीस की पळायला?"

"दोन्हीला," मी म्हणाले.

गाडीची ही ओढ कुठून आली ते मला नीट सांगता येणार नाही. मी चालवायला शिकले वडिलांच्या ट्रॅक्टरवर. वडील मडगार्डवर बसायचे आणि बोलायचे काहीच नाहीत. चुकलं की फक्त खाकरायचे. पुढं परभणीला शिकत असताना एका मैत्रिणीच्या भावानं आम्हाला त्याच्या गाडीतून जिंतूरच्या रस्त्यावर नेलं होतं. गाडीनं एकाएकी वेग घेतला तेव्हा बाकीच्या मुली किंचाळल्या. मला मात्र अगदी शांत वाटलं. डोक्यातला सगळा कालवा थांबला. ती शांतता मला पुन्हा हवी होती, आणि ती मिळवायला वीसेक वर्षं गेली, एवढंच.

गाडी आली आणि तेलाचा प्रश्न आला. डॉक्टरांनी सगळी कागदपत्रं दिली होती, पण गाडीसोबत येतं ते पुस्तक हरवलं होतं. तेव्हा मी वाचायला लागले. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरणारा एक छोटा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्याचा दांडा सेकंदाला हजारो वेळा फिरतो आणि फिरताना तो तेलाच्या अगदी पातळ थरावर तरंगत असतो. तो थर तुटला की लोखंड लोखंडाला लागतं. हे वाचल्यावर मला तेलाची जी काळजी लागली ती लागलीच.

डब्यांवर आकडे असतात. पाच डब्ल्यू तीस, पाच डब्ल्यू चाळीस, दहा डब्ल्यू साठ. पहिला आकडा गारठ्यात तेल किती पातळ राहतं ते सांगतो, दुसरा ते तापल्यावर किती दाट राहतं ते. इंटरनेटवर हौशी लोकांचे गट आहेत, तिथं ह्या आकड्यांवरून भाऊबंदकीसारखी भांडणं चालतात. कुणी म्हणे, आपल्याकडं मे महिन्यात रस्ता भाजून निघतो, साठचंच तेल हवं. कुणी म्हणे, इतकं दाट तेल टर्बोच्या बारीक वाटांतून वेळेवर पोचतच नाही. मी वही केली. रेघा मारून रकाने पाडले. रोज लोहारा ते धाराशिव आणि परत, मधेच नमुने घ्यायला कच्च्या रस्त्यानं शिवारात, असं माझं चालवणं कसं आहे तेही लिहिलं. तीन महिन्यांनी ठरलं: पूर्ण सिंथेटिक, पाच डब्ल्यू चाळीस, आणि डब्याच्या मागच्या बाजूला माझ्या इंजिनासाठीचा गाडीच्या कंपनीच्या मंजुरीचा क्रमांक छापलेला हवा. ही निवड बरोबर होती. आजही मी तेच वापरते.

पण ऑनलाइन मागवताना त्याच पानावर खाली एक ऑइल फिल्टर दिसला. लाल रंगाचा, वर इंग्रजीत 'रेस' लिहिलेला. शेजारी कापडी एअर फिल्टर होता. तो धुऊन पुन्हा वापरता येतो आणि इंजिन मोकळा श्वास घेतं, असं लिहिलेलं. माझ्या गाडीचं नाव यादीत होतं. मी दोन्ही घेऊन टाकले. तेलाला तीन महिने दिले होते. ह्या दोघांना तीन मिनिटंही दिली नाहीत.

नळदुर्गजवळ हायवेला लागून एक मिस्तरी आहेत. साठीच्या आसपासचे, अंगानं किडकिडीत, कानात सोन्याची बारीक बाळी. घराणं मेंढपाळाचं. लहानपणी मेंढरांमागं कर्नाटकात जायचे, मग ट्रकवर क्लीनर झाले, मग ड्रायव्हर, आणि पाठीचं दुखणं लागल्यावर त्यांनी स्वतःचं गॅरेज टाकलं. त्यांच्याकडं ट्रक आणि उसाचे ट्रॅक्टर जास्त. पण हैदराबादकडं जाणाऱ्या मोठ्या गाड्या बंद पडल्या की ढाबेवाले त्यांनाच बोलावतात, म्हणून मी त्यांच्याकडं गेले. पहिल्या भेटीत त्यांनी बोनेट उघडायच्या आधी मला विचारलं होतं, "ताई, रस्ता कंचा असतो तुमचा? डांबरी का फुफाट्याचा?"

"दोन्ही," मी म्हणाले.

"मंग त्याल लवकर बदला. पुस्तकात लिवल्यालं असतंय त्याच्या निम्म्यावर. पुस्तक लिवणाऱ्यानं आपलं रान बगितल्यालं न्हाय."

हे मला पटलं होतं. पण पुढं एका रविवारी मी डबे आणि दोन्ही फिल्टर घेऊन गेले, तेव्हा त्यांनी तेलाचा डबा उलटा करून मागचा क्रमांक वाचला, मान हलवली आणि लाल फिल्टर हातात घेतला. त्याच्या तोंडाशी आत एक रबरी चकती असते. तिच्यावर त्यांनी अंगठा दाबला. पुन्हा दाबला.

"हा नको, ताई. ह्याचं रबर कडक हाय. माज्याकडं तुमच्या गाडीचा वरिजनल हाय, म्या आदीच मागवून ठिवलाय."

"हा रेसिंगचा आहे मिस्तरी, जास्त चांगला आहे."

"आन ह्यो कापडी? ह्यो सायबाच्या देशात चालंल. आपला फुफाटा पिठावानी असतोय. कागदच पायजे."

मी हसून म्हणाले, "तुम्ही बसवा हो. मी सगळं वाचून आणलंय."

त्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं. "तुमची गाडी, तुमचा इचार," असं म्हणाले आणि कामाला लागले. काम झाल्यावर रिकामे डबे त्यांनी माझ्या डिकीत ठेवले. शेवटच्या डब्यात अर्धा लिटरभर तेल उरलं होतं. त्याचं झाकण घट्ट लावून, फडक्यात गुंडाळून तोही ठेवला. "कमी झालं तर ह्येच वता, दुसरं नगं," असं बजावलं.

पाच-सहा आठवडे गेले. कर्नाटकात एका जुन्या, वापरात नसलेल्या धावपट्टीवर हौशी लोक आपापल्या गाड्या पळवतात, वेळ मोजतात. तिथं नाव द्यायचं मी मनात धरलं होतं. तेवढ्यात एका सकाळी चावी फिरवली आणि इंजिनातून खडखडाट ऐकू आला. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा. चार-पाच सेकंद, आणि मग सगळं शांत. दिवसभर काही नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या सकाळी मी गाडी चालू करताना श्वास रोखून धरला होता.

ऑफिसात एका सहकाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तेल कुणी बदललं? तुम्ही तिथं उभ्या होता का?" काम चालू असताना मी पलीकडच्या ढाब्यावर चहाला गेले होते, ते मला आठवलं. तो म्हणाला, "मग झालं. तुमचं महागाचं तेल काढून ठेवलं असेल आणि ट्रकचं ओतलं असेल. हायवेवरची गॅरेजं अशीच असतात."

आता मागं वळून बघते तेव्हा ह्याच जागी मी थांबते. त्या सहकाऱ्यानं मिस्तरींना कधी पाहिलेलंही नव्हतं. त्याच्याकडं पुरावा नव्हता. तरी त्याचं बोलणं मला लगेच खरं वाटलं, कारण ते खरं असेल तर माझी निवड बरोबर राहत होती. तीन महिन्यांची वही बरोबर राहत होती. चूक कुणाची तरी असणार, आणि ती दुसऱ्याची आहे हे ऐकून मला बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी मी नळदुर्गला गेले. गॅरेजात पाच-सहा माणसं होती. दोन ट्रकचे ड्रायव्हर, शिवाय एक ऊस वाहतूकदार. ह्या वाहतूकदाराचे दहाएक ट्रॅक्टर मिस्तरींकडं असायचे. मी गाडीतून उतरले आणि उभ्या-उभ्या बोलले.

"मिस्तरी, माझं तेल कुठंय?"

त्यांना कळलं नाही. "तुमच्या इंजनात, ताई."

"इंजिनात ते नाही. इंजिन खडखडतंय. मी दिलेलं तेल तुम्ही ठेवून घेतलं आणि दुसरं घातलं."

गॅरेजातला हातोडीचा आवाज थांबला. मिस्तरी हात पुसत पुढं आले. "मोकळे डबे तुमच्या डिकीत ठिवलेत की म्या."

"डबे मोकळे करायला काय लागतं? आत काय गेलं ते कुणी बघितलंय?"

मला अजून आठवतं, त्यांचे हात पुसून झाले होते, तरी ते फडक्यानं एकेक बोट पुसतच राहिले. मग म्हणाले, "आवाज कवा येतोय, ताई? सकाळच्याला का कवाबी?"

तो प्रश्न म्हणजे उत्तरच होतं. मला ते ऐकायचं नव्हतं. मी म्हणाले, "ते मी दुसरीकडं दाखवते," आणि गाडी वळवून निघून आले. वाटेत मला आपण फार धीट आहोत असं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात गाडी सोलापूरला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. पण नेण्याआधी माझ्यातली प्रयोगशाळेतली बाई जागी झाली. आरोप केला आहे तर पुरावा हवा, असं मी ठरवलं. म्हणजे चोर आधी ठरवला आणि तपासणी मागून आली. मी इंजिनातलं थोडं तेल स्वच्छ बाटलीत घेतलं. फडक्यात गुंडाळलेल्या डब्यातलं न वापरलेलं तेल दुसऱ्या बाटलीत घेतलं. दोन्हींवर चिठ्ठ्या लावल्या आणि पुण्याला तेल तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेला पाठवल्या. डब्यातलं तेल आणि इंजिनातलं तेल एकच आहे का, एवढाच माझा प्रश्न होता.

सोलापुरात एका तरुण इंजिनिअर मुलीनं गाडी ऐकली. तिनं गाडी एक रात्र तिथंच ठेवून घेतली आणि सकाळी स्वतः चालू केली. मग मला फोन करून म्हणाली, "मॅडम, हा ऑइल फिल्टर कुठला? मी फक्त तो बदलून बघते. बाकी काही खोलत नाही." तिनं कंपनीचा फिल्टर बसवला, कमी झालेलं तेल तेच भरलं. दुसऱ्या सकाळी खडखडाट नव्हता. तिसऱ्या सकाळीही नव्हता.

तिनं मला लाल फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत दिला आणि समजावलं. इंजिन बंद झालं की तेल खाली उतरतं. फिल्टरमधली रबरी झडप त्यातलं थोडं अडवून धरते, म्हणून सकाळी चावी फिरवल्या-फिरवल्या ते इंजिनाला मिळतं. झडप कडक असेल तर नीट बसत नाही. तेल रात्रीतून निघून जातं आणि पहिले काही सेकंद इंजिन जवळजवळ कोरडं फिरतं. मी विचारलं, "रबर कडक आहे हे आधी कळलं असतं का?" ती म्हणाली, "अंगठ्यानं दाबून बघितलं असतं तर कळलं असतं."

मला त्या क्षणी मिस्तरींचा अंगठा दिसला. एकदा दाबलेला, पुन्हा दाबलेला.

तरी मी मनाला समजावत होते. फिल्टरचं ठीक आहे, पण तेलाचं काय? रिपोर्ट येऊ दे. चुकलेलं माणूस शेवटची सबबसुद्धा सहज सोडत नाही.

रिपोर्ट आठवड्यानं आला. वाचायला मला कुणाची मदत लागली नाही, असले कागद मी रोज लिहिते. दोन्ही बाटल्यांतलं तेल एकच होतं. दाटपणा जागेवर होता, कंपनी तेलात मिसळते ती द्रव्यंही तीच होती. इंजिनातल्या तेलात एकच गोष्ट वेगळी होती. सिलिकॉन. तेही कितीतरी जास्त. खाली शेरा होता: हवेच्या मार्गातून बाहेरची धूळ आत येत आहे, एअर फिल्टर तपासावा.

सिलिकॉन म्हणजे माती. आमच्याच शिवारातली. मी उठले, बाहेर जाऊन बोनेट उघडलं, कापडी फिल्टरच्या पुढची नळी काढली आणि आतून पांढरा रुमाल फिरवला. फिल्टर ओलांडल्यावर तिथं धूळ असायला नको. रुमालावर तपकिरी पट्टा उमटला, अगदी मऊ, पिठासारखा. नवरा दारात उभा राहून बघत होता. मी त्याला रुमाल दाखवला.

तो म्हणाला, "आता?"

"आता नळदुर्गला जावं लागेल."

"मी येऊ?"

"नको. त्या दिवशी एकटीच गेले होते."

पण मी लगेच गेले नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. मी दोन आठवडे घालवले. फोन करून बोलावं, असं एकदा वाटलं. मग वाटलं, आरोप माणसांसमोर केला आणि माफी फोनवर मागायची, हे चालणार नाही. तिसऱ्या रविवारी सकाळी गेले. गॅरेजात एक ट्रक उभा होता, ड्रायव्हर आणि क्लीनर चहा पीत होते. मिस्तरी ट्रकखाली होते, पाय तेवढे बाहेर. गर्दी त्या दिवशीपेक्षा कमी होती आणि त्याचं मला बरं वाटलं, हेही कबूल करते.

मी मोठ्यानं म्हणाले, "मिस्तरी, मी चुकले. तेल तुम्ही तेच घातलं होतं. मी तपासून आणलंय. फिल्टर माझा खोटा होता, आणि तुम्ही सांगितलं होतं."

पाय हलले नाहीत. खालून पान्याचा आवाज येत राहिला. मग थांबला. ते हळूहळू सरकत बाहेर आले, पाठीला हात लावून उठले. मी रिपोर्ट पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही, हात तेलाचे होते.

"मशिनीनं सांगितलं व्हय?"

"होय."

"बरं झालं." त्यांनी हातातला पाना ट्रकच्या पायरीवर ठेवला. "ताई, राग ह्याचा न्हाय की तुमी चोर म्हणला. गिऱ्हाईक म्हणतंय कवाकवा. पर माणसाला आदी इचारायचं असतंय. तुमी इचारलं न्हाय, सांगून मोकळ्या झाला."

चहा पिणाऱ्या ड्रायव्हरनं कप खाली ठेवला आणि तो उगाच टायर तपासायला गेला.

मिस्तरींनीच मग विचारलं, "फिल्टर हाय का संगं?"

मी पिशवी दिली. त्यांनी तो शिकंज्यात धरला, हॅक्सॉ ब्लेडनं गोल कापला आणि पत्रा उघडला. आतल्या कागदाच्या घड्या एका बाजूला सुटल्या होत्या, डिंक उकलला होता. रबरी चकती त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती वाकवली तर तिला चीर गेली. राग, लाज, सगळं बाजूला ठेवून आम्ही दोघं काही वेळ त्या फिल्टरवर वाकून उभे होतो. त्यांनी घड्या मोजल्या, शेजारी स्वतःजवळचा कंपनीचा फिल्टर ठेवला. "बगा, निम्म्याच हायत," ते म्हणाले. एखादा वाईट बांधलेला बांध दाखवावा तसं त्यांनी ते दाखवलं.

निघताना मला खरी गोष्ट कळली. ती त्यांनी सांगितली नाही, ड्रायव्हरनं सांगितली. त्या दिवशी जो ऊस वाहतूकदार तिथं होता, त्यानं आपले सगळे ट्रॅक्टर दुसऱ्या गॅरेजला नेले होते. ऐन हंगामात.

मी तिथूनच त्याच्या घरी गेले. जळकोटच्या अलीकडं त्याचं घर आहे. अंगणात ट्रॉल्या उभ्या होत्या. मी रिपोर्ट दाखवून सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "म्याडम, आम्ही मिस्तरीला वीस वर्षं बघतोय. दुसरं कुणी बोललं असतं तर आम्ही हसलो असतो. पण तुम्ही सरकारी लॅबमधल्या. आमच्या मातीचा रिपोर्ट तुम्हीच देता. तुम्ही बोलला म्हणजे तपासूनच बोलला असाल, असं धरलं."

हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. माझ्या शब्दाला वजन आहे हे मला ठाऊक होतं, त्याचीच तर ती ऐट होती. पण ते वजन दुसऱ्याच्या अंगावर पडतं, हे मी कधी मनात आणलं नव्हतं.

"मग आता?" मी विचारलं.

"दुसऱ्याला शब्द दिलाय हंगामापुरता. चार ट्रॅक्टर लावून देतो. बाकीचं पुढच्या साली बघू."

चारच परत आले. पुढच्या साली आणखी तीन आले. बाकीचे गेले ते गेलेच. मी माफी मागितल्यानं सगळं होतं तसं झालं, असं मी सांगू शकत नाही.

गाडीचं मात्र निभावलं. मिस्तरींनी टर्बोची नळी सोडून पंख्याचा दांडा दोन बोटांत धरून हलवून बघितला. थोडी ढिलाई होती, पण धोक्याची नव्हती. कापडी फिल्टर काढून कागदी बसवला, तो बसतो त्या खोक्याची कड बोटानं चाचपून कुठं फट राहिली नाही ना ते बघितलं. दाटपणा शाबूत असला तरी त्या तेलात माती होती, म्हणून ते सगळं काढून टाकलं, नवा फिल्टर लावला, आणि हजार किलोमीटरवर तेही काढून पुन्हा नवं भरलं. त्या दोन्ही वेळी मी चहाला गेले नाही. पाळत ठेवायला म्हणून नव्हे. मला बघायचं होतं. इंजिनाखालच्या चेंबरचा नट सोडल्यावर आधी धार कशी जाड पडते, मग दोऱ्यासारखी होते आणि शेवटी थेंब-थेंब. त्यांनी चिमटीत थोडं तेल घेऊन चोळलं आणि मला चोळायला लावलं. पहिल्या खेपेच्या तेलात अगदी बारीक कचकच लागत होती. दुसऱ्या खेपेला लागली नाही.

आता नवीन काही घ्यायचं तर मी वही करते, तशी आधीही करायचे. फक्त खोकं फोडायच्या आधी ते नळदुर्गला नेते. कधी ते "व्हय" म्हणतात, कधी "न्हाय" म्हणतात, आणि का ते मी विचारते. दोनदा माझं बरोबर निघालं. एकदा गिअरबॉक्सच्या तेलाबाबत ते जुन्या सवयीनं चुकत होते. मी कंपनीचा कागद वाचून दाखवला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, "मंग ह्येच घाला."

प्रयोगशाळेत माझं बोलणं थोडं बदललंय, असं नवरा म्हणतो. मला तसं जाणवत नाही. पण एखादा शेतकरी गोणीचं नाव घेऊन आला तर मी आधी विचारते की हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं, आणि का सांगितलं. पुष्कळदा त्या 'का'मध्ये काहीतरी असतं.

धावपट्टीवर मी वर्षभर उशिरा गेले. मिस्तरींना विचारलं, "येता का?" ते म्हणाले, "म्या काय करू तितं?" आणि रविवारी पहाटे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून रस्त्यावर उभे राहिले. मी तीनदा गाडी पळवली. माझा नंबर मधेच कुठंतरी आला, आणि तिसऱ्या खेपेला मी एक गिअर चुकलेही. ती जिंतूरच्या रस्त्यावरची शांतता मात्र तिन्ही वेळा मिळाली. मिस्तरी दिवसभर उघड्या बोनेटांमधून फिरत होते. शहरातली पोरं आपल्या गाड्या कौतुकानं दाखवत होती, आणि हे मागं हात बांधून प्रत्येकाला रस्ता कंचा म्हणून विचारत होते.

परतताना अक्कलकोटला जेवलो. दुपार कलत होती. दिवसभराच्या उन्हानं माझे डोळे जड झाले होते. मिस्तरींनी हात पुढं केला, "द्या चावी."

त्यांनी सीट पुढं घेतली, आरसा सारखा केला आणि ट्रकसारखी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून गाडी साठवर लावली. ती साठच्या वर गेली नाही. मागून एक दुधाची पिकअप हॉर्न वाजवत पुढं निघून गेली, मग एक एसटी. त्यांनी ढुंकून बघितलं नाही. मी सांगणार होते, मिस्तरी, पाचव्यात टाका. पण इंजिन तिसऱ्यातही खुशीत चाललं होतं, आणि सांगायच्या आधीच मला झोप लागली.